जनावर येण्याआधी त्याचे जाणे ठरवा

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

शहरातील नोकरी सोडून थोडक्या जमिनीवर घर बांधणाऱ्या आणि दारात शेळ्या, कोंबड्या, एखादी गाय पाळणाऱ्या कुटुंबांची वर्णने अलीकडे वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत वरचेवर येतात. मी ती आवडीने वाचते, कारण सात वर्षांपूर्वी आम्ही उभयता, सासूबाई आणि दोन मुले असेच निघालो होतो. त्या वर्णनांत खोटे काही नसते. पहाटेची धार, खुराड्यातून मुलांनी आणलेली कोमट अंडी, वासराच्या अंगाचा वास हे सारे आम्हीही अनुभवले आहे आणि आजही अनुभवतो. मात्र आजवर वाचलेल्या अशा एकाही लेखात मला एका साध्या प्रश्नाचे उत्तर सापडले नाही. या घरात जी जनावरे जन्मली, ती पुढे कुठे गेली? जनावर घरी आणण्याचा दिवस सर्वांना तपशीलवार आठवतो, छायाचित्रही त्याच दिवसाचे असते. ते जाण्याचा दिवस मात्र कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्या कुटुंबाची खरी कसोटी नेमकी तिथे लागते, असे माझे मत असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

दूध हे विण्याचे फळ आहे, ही गोष्ट शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. तरीही जनावर विकत घेताना ती आमच्या हिशेबात नव्हती. आमचा हिशेब असा होता की दोन शेळ्या घेतल्या की घरापुरते दूध मिळेल. शेळी सुमारे १५० दिवसांनी विते, बहुधा जुळी देते, आणि त्या करडांपैकी साधारण निम्मे बोकड असतात. विल्यानंतर काही महिन्यांनी ती पुन्हा माजावर येते आणि फळवली तर दीड वर्षात दोन वेतेही होतात. पहिल्या वेताच्या पाटी, म्हणजे मादी करडे, तोवर वयात आलेल्या असतात. कागदावर मांडले तर दोन गाभण शेळ्यांच्या दोन वर्षांत सहज बारा होतात, आणि आमच्याकडे त्या तशाच झाल्या. जागा तीच होती, चारा तेवढाच होता, हातही तेवढेच होते. दूध मात्र पहिल्या वर्षाच्या मानाने फारसे वाढलेले नव्हते, कारण कळपातले निम्मे जीव दूध देणारे नव्हतेच.

त्यातही आमच्या अज्ञानाची एक शिक्षा एका पाटीला भोगावी लागली, ती लपवण्यात अर्थ नाही. बोकडाचे करडू तीन-चार महिन्यांचे असतानाच फळवण्याजोगे होऊ शकते, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते आणि आम्ही विचारलेही नव्हते. आईला ढुशा देत दूध पिणारे ते पिल्लू. त्याच्याकडून काही घडेल ही शंकाही मनात येत नव्हती. ते आपल्याच बहिणीबरोबर एका कुडात राहिले. पाट पाच महिन्यांची होती तेव्हाच ती गाभण राहिली आणि दहा महिन्यांची असताना, शरीर पुरते भरलेले नसताना, विण्यास बसली. पशुवैद्यांनी शेळी वाचवली. करडू मृतच निघाले. तिसरा महिना संपण्याआधी नर आणि मादी वेगळे करावेत, हा नियम आम्ही तेव्हापासून घराच्या दिनदर्शिकेत लिहून ठेवतो. प्रत्येक जन्मतारखेपुढे वेगळे करण्याची तारीख त्याच दिवशी लिहायची, अशी आता पद्धतच आहे.

मग वेगळे काढलेल्या बोकडांचे करायचे काय? वाटा मोजक्याच आहेत. वाढवून मांसासाठी विकावे, घरी खावे, खच्चीकरण करून पाळावे, किंवा एखादा चांगल्या वंशाचा असेल तर पैदाशीसाठी ठेवावा अथवा द्यावा. पैदाशीसाठी कळपात एक नर पुरतो, आणि लहान घराला तर तोही जड होतो. माजावरच्या बोकडाचा वास दुधाच्या भांड्यापर्यंत पोहोचतो, तो कुंपणाला जुमानत नाही आणि स्वतःच्या मुली त्याच्यासमोर येतात तेव्हा त्याला बदलावेच लागते. म्हणजे चांगल्या वंशाच्या बोकडालाही आपल्या दारात ठरावीक काळच जागा असते. खच्चीकरण केलेला नर शांत असतो, मुलांना लळा लावतो, म्हणून आम्ही एक तसा ठेवला होता. त्याला लाडाने धान्य जास्त मिळत गेले आणि पाणी तो कमी पीत राहिला. एके दिवशी मूत्रमार्गात खडा अडकून लघवी बंद झाली आणि दोन दिवसांत आम्ही त्याला गमावले. खच्ची केलेल्या नरांत हे दुखणे नेहमीचे आहे आणि धान्याचा भरणा कमी ठेवला, वैरणीवर भर दिला, तर ते बरेच टळते, हे नंतर कळले. पाळीव म्हणून ठेवणे ही सर्वांत दयाळू वाट वाटते खरी, पण तीही फुकट नाही आणि तिलाही वेगळे ज्ञान लागते.

एक वाट याहून आधीची आहे आणि तिच्याबद्दल नवख्यांना कोणी फारसे सांगत नाही. ती म्हणजे कमी जन्म होऊ देणे. घरापुरत्या दुधासाठी शेळी दरवर्षी गाभण ठेवलीच पाहिजे असे नाही. चांगल्या दुधाळ जातीच्या कित्येक शेळ्या एका वेतावर वर्षाहून अधिक काळ दूध देत राहतात, फक्त दूध हळूहळू उतरते. आपल्या दारात बोकडच ठेवला नाही आणि आपल्याला हवे तेव्हाच शेळी दुसऱ्याच्या बोकडाकडे नेली, तर करडांची संख्या आपल्या हातात राहते. यासाठी माज ओळखता यावा लागतो, आणि तो साधारण २१ दिवसांनी फिरून येत असल्यामुळे तारखा लिहिण्याची सवय लागते. आम्ही हे पाचव्या वर्षी शिकलो. पहिल्या वर्षी शिकलो असतो तर निदान सहा जिवांची जबाबदारी आमच्यावर आली नसती.

कोंबड्यांची गोष्ट आणखी झटपट घडते. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, साधारण पाच महिन्यांची झाली की नराशिवाय अंडी देऊ लागते; कोंबडा लागतो तो केवळ पिल्लांसाठी. एवढे माहीत असूनही मुलांच्या हट्टापायी आम्ही खुडूक बसलेल्या कोंबडीखाली अंडी ठेवली. एकविसाव्या दिवशी अकरा पिल्ले निघाली तेव्हाचा आनंद मी विसरलेले नाही. त्यांतले सहा नर होते, हे दोन महिन्यांनी तुऱ्यांवरून कळले. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. आमच्याकडे चौदा कोंबड्यांमागे सात झाले. ते एकमेकांना रक्तबंबाळ करू लागले आणि कोंबड्यांच्या पाठीची पिसे उडाली. पिल्ले उबवण्याचा निर्णय ज्या दिवशी घेतला, त्याच दिवशी त्या सहा नरांचा निर्णयही घ्यायला हवा होता. आम्ही तो चार महिने पुढे ढकलला आणि त्या चार महिन्यांचा त्रास कोंबड्यांनी सोसला.

यावर कोणी म्हणेल की मग उबवणी केंद्रातून फक्त माद्या आणाव्यात. तसे करता येते, परंतु त्याने प्रश्न आपल्या दारातून दुसऱ्याच्या दारात जातो एवढेच. अंड्यांच्या जातीचे नर वजनाने वाढत नाहीत म्हणून ते उबवणी केंद्रांत पहिल्याच दिवशी मारले जातात, ही जगभरची रूढ रीत आहे. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून तिच्यावर कायद्याने बंदी आणली आणि तेव्हापासून तिथे अंड्यातच लिंग ओळखण्याच्या तंत्राकडे वळावे लागले. पंचवीस माद्या विकत घेणाऱ्या कुटुंबाने हे माहीत असून त्या घ्याव्यात; न जाणता घेतल्या तर आपले खुराडे फार निरागस आहे असा गैरसमज होतो. आमचा झाला होता.

शिवाय माद्याही म्हाताऱ्या होतात. कोंबडी पहिली दोन वर्षे भरभरून घालते, नंतर अंडी कमी होत जातात, आणि चांगली निगा राखली तर ती सात-आठ वर्षेही जगते. अंडे तयार होण्यास सुमारे पंचवीस तास लागतात, त्यामुळे ऐन तारुण्यातही तिचा एखादा दिवस खाडा होतोच. दिवस लहान झाले आणि पिसे झडली की आठवडेच्या आठवडे खुराडे रिकामे असते. घालणाऱ्या कोंबडीला रोज शंभर ग्रॅमहून थोडे अधिक खाद्य लागते. न घालणारी काहीसे कमी खाते, पण खातेच. आमच्या खुराड्यात आज जेवढ्या कोंबड्या आहेत त्यांतील पाच जणी निवृत्त आहेत. त्या किडे वेचतात, खत देतात, सासूबाईंच्या मागे मागे फिरतात. हा आमचा जाणूनबुजून घेतलेला निर्णय आहे आणि त्याचा खर्च आम्ही अंड्यांच्या हिशेबात धरतो. दुसऱ्या कुटुंबाने वेगळा निर्णय घेतला तर मला त्यात काही गैर दिसत नाही. निर्णयच न घेता खाद्य आखडत नेणे मात्र गैर आहे, आणि ते मी पाहिले आहे.

गायीबाबत हा सारा विचार कितीतरी पटींनी मोठा होतो. गाय सुमारे २८० दिवस गाभण असते. नऊ-दहा महिने दूध, मग दोन महिने भाकड काळ, मग पुन्हा वासरू, असे तिचे चक्र धरले तर जवळजवळ दर वर्षी एक वासरू येते आणि त्यांतले निम्मे गोऱ्हे असतात. लिंगनिवड केलेल्या वीर्यमात्रांमुळे आता सुमारे ९० टक्के कालवडी मिळू शकतात. पण कालवड झाली म्हणून प्रश्न संपत नाही, कारण चार वर्षांत चार गायी सांभाळण्याइतका चारा कोणत्या लहान घराकडे असतो? ४०० किलो वजनाच्या जनावराला वजनाच्या अडीच टक्के म्हणजे रोज १० किलो शुष्क चारा लागतो. हिरव्या चाऱ्यात पाचपैकी चार भाग पाणीच असते, हे लक्षात घेतले तर २५ किलो हिरवा चारा दिल्यावर पोटात शुष्क असे ५ किलोच पडते. उरलेले वाळल्या वैरणीतून आणि आंबोणातून, म्हणजे पेंड-भुशाच्या खुराकातून, भरावे लागते. वर्षाचा हिशेब साडेतीन टनांच्या पुढे जातो. आम्ही गाय आणली तेव्हा आमच्या तुकड्यावर याच्या निम्मेही पिकत नव्हते. उरलेले विकत आणताना आमच्या दुधाचा सारा नफा वैरणीच्या गाडीबरोबर निघून गेला.

आता यात एका गोऱ्ह्याची भर घाला. शेतीकामाला बैल लागत नसेल, तर तो वर्षानुवर्षे खाणार आणि आपण पुरवणार. एखाद्या कुटुंबाने ठरवले की तो मरेपर्यंत सांभाळायचा, तर पंधरा वर्षांचा पन्नास टनांहून अधिक शुष्क चारा त्याने पहिल्या दिवशी मनात धरला पाहिजे. एखाद्याने ठरवले की विकायचा, तर घेणारा कोण आणि तो कशासाठी घेणार हे विचारण्याचे धैर्य हवे. ‘चांगल्या घरी दिला’ या वाक्यामागे बहुधा कोणीच दुसऱ्यांदा जाऊन पाहिलेले नसते. कत्तलीविषयीचे, विशेषतः गोवंशाविषयीचे कायदे ठिकठिकाणी वेगळे आहेत आणि घराघरांच्या श्रद्धाही वेगळ्या आहेत. त्या श्रद्धांशी माझा वाद नाही. गाय घेण्यापूर्वी आपला कायदा, आपली श्रद्धा आणि आपला चारा या तिन्ही गोष्टी एका ओळीत बसतात का, एवढे मात्र प्रत्येकाने पाहावे. आमच्या बसल्या नाहीत. तिसऱ्या वर्षी आम्ही गाय आणि कालवड दोन्ही एका मोठ्या दावणीच्या ओळखीच्या पशुपालकाकडे दिल्या आणि पुन्हा शेळ्यांवर आलो. तिकडे दोनदा जाऊन पाहिले आहे, हे वरच्या वाक्यामुळे सांगणे भाग आहे.

ज्यांचा पिढ्यान्पिढ्यांचा धंदाच जनावरांचा आहे त्यांच्याकडे पाहिले म्हणजे आमच्यासारख्यांचा उणेपणा उघडा पडतो. संयुक्त राष्ट्रांनी २०१९ ते २०२८ हे दशक कुटुंबशेतीचे आणि २०२६ हे वर्ष कुरणांचे व पशुपालकांचे म्हणून जाहीर केले आहे. त्या निमित्ताने नव्या हौशी कुटुंबांवर चार लेख येणार असतील, तर एक लेख जुन्या मेंढपाळांवरही यावा. कोरडे दिवस सुरू होण्याआधी, जनावरे अंगाने भरलेली असतानाच, कोणती ठेवायची आणि कोणती काढायची हे मेंढपाळ ठरवून मोकळा होतो. चारा संपल्यावर विकायला निघालेले जनावर हाडाचा सापळा झालेले असते आणि त्या वेळी सगळेच विकायला निघालेले असतात. हा कठोरपणा नव्हे. उपाशी जनावर दावणीला बांधून ठेवणे आणि त्याला माया म्हणणे, हे मला अधिक कठोर वाटते.

मुलांचा विषय येथे टाळता येणार नाही, कारण बहुतेक कुटुंबे ‘मुलांसाठी म्हणून’ ही वाट धरतात. काढून टाकायच्या जनावराला नाव ठेवू नये, असा सल्ला आम्हाला अनेकांनी दिला होता. आम्ही तो पाळून पाहिला. धाकट्या मुलीने पहिल्या आठवड्यातच सर्व करडांना गुपचूप नावे ठेवली आणि आमच्यासमोर ती उच्चारली नाहीत. पहिले दोन बोकड विकले तेव्हा आम्ही तिला ते डोंगरापलीकडे चरायला गेले असे सांगितले. ती महिनाभर रोज संध्याकाळी फाटकाशी उभी राहत असे. त्यानंतर आम्ही खोटे सांगणे बंद केले. आता करडू जन्मले की जेवताना सर्वांसमोर बोलणे होते, की ही पाट ठेवायची, हा बोकड सात-आठ महिन्यांचा झाला की जाणार. नावे सर्वांनाच असतात. मुलगी रडत नाही असे नाही, पण फाटकाशी उभी राहत नाही. मुलांना निसर्ग दाखवायचा म्हणून आणलेल्या जनावरांच्या बाबतीत निम्मा निसर्ग लपवण्याची गरज नाही, असे मला वाटते. वय पाहून शब्द निवडावेत, एवढेच.

जाण्याचा आणखी एक प्रकार म्हणजे मरण, आणि त्याची तयारी तर कोणाचीच नसते. जनावर रात्री धडधाकट दिसले आणि सकाळी मेलेले आढळले, नाकातोंडातून किंवा शेणाच्या वाटेने काळपट, न गोठलेले रक्त येत असले, तर काळपुळीचा (अँथ्रॅक्स) संशय धरून त्याला हातही लावू नये. कातडे काढू नये, पोट फाडून कारण शोधू नये आणि ताबडतोब पशुवैद्यांना कळवावे. हा रोग माणसालाही होतो. प्रेत उघडले की हवेशी संबंध येऊन त्या जंतूंची बीजे तयार होतात आणि ती मातीत दशकानुदशके जिवंत राहतात. लुई पाश्चर यांनी १८८१ साली मेंढ्यांवर जाहीरपणे यशस्वी करून दाखवलेली लस याच रोगाची. पुरलेल्या प्रेतांपासून गांडुळे ती बीजे वर आणतात, असेही त्यांनी सुचवले होते. इतर कारणांनी मेलेले जनावरही विहिरीपासून आणि ओढ्यापासून दूर, खोल खड्ड्यात, चुना घालून आणि भटक्या कुत्र्यांना उकरता येणार नाही अशा रीतीने पुरावे लागते, आणि तसे पुरणे सर्वत्र मान्य असतेच असे नाही, हेही आधी विचारून ठेवावे. थोड्या जमिनीवर अशी जागा कोठे आहे, हे आम्ही प्रथम शोधले ते मेलेल्या शेळीशेजारी उभे राहून, भर पावसात. घराचा आराखडा काढताना गोठा, खुराडे, खताचा खड्डा हे सर्व आम्ही आखले होते. ही एक जागा आखायची राहून गेली होती.

औषधांविषयी एकच सांगते. प्रतिजैविक टोचलेल्या जनावराचे दूध आणि मांस किती दिवस वापरू नये हे त्या औषधाच्या वेष्टनावर लिहिलेले असते. तो काळ संपेपर्यंत जनावर विकण्यासही काढू नये, कारण विकत घेणाऱ्याच्या ताटात ते औषध जाते. विक्रीची तारीख ठरलेली असताना जनावर आजारी पडले तर तारीख बदलावी लागते, आणि तेवढ्या दिवसांचा चारा हाताशी असावा लागतो.

येथवर वाचून एखाद्या वाचकाला वाटेल की ही बाई लोकांना या वाटेवरून परत पाठवत आहे. तसे मुळीच नाही. गेल्या वर्षी मध्यरात्री आमची शेळी विली. वासराप्रमाणेच करडूही रोगप्रतिकारक घटकांवाचून जन्मते, कारण आईच्या वारेतून, म्हणजे गर्भाला पोसणाऱ्या आवरणातून, ते पिल्लाकडे जात नाहीत. ते मिळतात फक्त चिकातून, आणि पहिल्या चोवीस तासांनंतर ते आतड्यातून शोषलेही जात नाहीत. म्हणून पहिल्या तासाभरातच चीक पाजावा लागतो. दुसरे करडू अशक्त होते, त्याला सड तोंडात धरता येईना. मोठ्या मुलाने कंदिलाच्या उजेडात चीक काढून बाटलीने थोडा थोडा पाजला आणि पहाटे ते स्वतःच्या पायांवर उभे राहिले. बारा वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे दिसले, त्यासाठी सात वर्षांचा शीण मला कमीच वाटतो. ते करडू बोकड होते. त्याला ऊब देताना मुलाला ठाऊक होते की तो आठ महिन्यांनी जाणार आहे, आणि तरी त्याने हात आखडला नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्या कुटुंबांना माझा सल्ला विचारला जातो तेव्हा मी दोनच गोष्टी सांगते. पहिली ही की एका वर्षी एकाच जातीचे जनावर आणावे आणि त्याचे एक पूर्ण चक्र, म्हणजे माज, गाभणकाळ, वेत, दूध आणि कळपातून काही जणांचे जाणे, हे सारे पाहिल्याशिवाय दुसरे आणू नये. निरनिराळी जनावरे वरवर सारखी दिसली तरी त्यांच्या गरजा सारख्या नसतात; शेळीला मानवणारे तांबेयुक्त खनिज मिश्रण मेंढीला विषासमान होऊ शकते. नवे जनावर आल्यावर ते निदान तीन-चार आठवडे वेगळे बांधावे, हेही त्यातच आले. दुसरी गोष्ट ही की आपल्या अनुपस्थितीत धार काढणारा माणूस जनावरांच्या आधी शोधावा. दिवसातून दोनदा, तीनशे दिवस म्हटले तरी सहाशे धारा होतात, आणि त्यातली एक चुकली तरी कास तटतटते, दूध कमी होते, दगडीच्या, म्हणजे कास सुजण्याच्या, आजाराला वाट मिळते. आम्ही एका शेजारच्या कुटुंबाशी अदलाबदलीचा करार केला आहे. ते गेले तर आम्ही त्यांच्या शेळ्या पाहतो, आम्ही गेलो तर ते आमच्या. हा करार नव्हता त्या पहिल्या अडीच वर्षांत आम्ही दोघे एकत्र कोठेही रात्रीचे राहिलो नाही. लेखांत याला ‘मातीशी जोडलेले जीवन’ म्हणतात.

आपल्याला माझी विनंती एवढीच की यापुढे अशा कुटुंबावर लेख छापताना आपल्या वार्ताहरांनी त्यांना आणखी तीन प्रश्न विचारावेत. गेल्या वर्षी तुमच्याकडे किती जनावरे जन्मली, किती गेली आणि ती कशी गेली? वर्षाच्या चाऱ्यापैकी किती तुमच्या जमिनीत पिकला? तुम्ही दोघे शेवटचे एकत्र बाहेरगावी कधी गेलात? ज्यांच्यापाशी या प्रश्नांची उत्तरे असतील त्यांचा अनुभव नवख्यांच्या उपयोगी पडेल. ज्यांच्यापाशी नसतील, त्यांची भेट आणखी दोन वर्षांनी घेतली तरी चालेल. एखाद्या पशुवैद्यांनी महिन्यातून एकदा वाचकांच्या शंकांना उत्तरे दिली, तर आमच्या त्या पाटीसारख्या काही पाटी तरी वाचतील.

आमची एक शेळी पुढच्या आठवड्यात विण्याच्या बेतात आहे. कास भरली आहे, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खळगे पडले आहेत आणि ती कळपापासून दूर कोपऱ्यात उभी राहू लागली आहे. तिला पाट झाली तर ती शेजारच्या कुटुंबाला हवी आहे आणि बोकड झाला तर तो आठव्या महिन्यात कोणाकडे जाणार हे ठरलेले आहे. जुळी झाली तर दुसऱ्यासाठी अजून घर मिळालेले नाही, आणि त्याविषयी आज रात्री जेवताना बोलायचे आहे.

आपली,
एक पशुपालक वाचक